दिवाण भास्करराम कोल्हटकर आणि गंगारामाचे ‘महाराष्ट्र पुराण’ : एका आरोपपत्राचे वाचन

प्रस्तावना

अठराव्या शतकातील मराठी सत्तेचा विस्तार हा मराठी इतिहासलेखनाचा आवडता विषय राहिला आहे. या विस्ताराची कथा मुख्यतः मराठी बखरी, पत्रव्यवहार आणि फार्सी तवारिखा यांच्या आधारे सांगितली गेली. ज्या प्रदेशांवर मोहिमा झाल्या, तेथील लोकांनी आपापल्या भाषांत काय लिहून ठेवले, याकडे मराठी समीक्षेने तुलनेने कमी लक्ष दिले. गंगाराम या कवीने बंगाली भाषेत रचलेले ‘महाराष्ट्र पुराण’ हे अशा लेखनाचे ठळक उदाहरण होय. नागपूरकर रघूजी भोसले यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर यांनी इ. स. १७४२ ते १७४४ या काळात बंगालवर केलेल्या स्वाऱ्या हा या काव्याचा विषय आहे. निःशस्त्र प्रजेची हत्या, अंगच्छेद, स्त्रियांवरील अत्याचार, घरांची जाळपोळ आणि पैशासाठी केलेला छळ असे त्यातील आरोपांचे स्वरूप आहे. आजच्या परिभाषेत ही युद्धगुन्ह्यांची यादी ठरते.

भास्करराम हे पुंड अथवा पेंढारी नव्हते. सेनासाहेबसुभा या पदावरील सरदाराचे ते दिवाण होते आणि सातारच्या छत्रपतींच्या नावाने चौथाईचा हक्क मागण्यासाठी गेले होते. त्यामुळे त्यांच्यावरील आरोप हा पर्यायाने एका राज्यव्यवस्थेवरील आरोप ठरतो. हे आरोपपत्र साहित्यकृती म्हणून कसे रचले आहे, साक्ष म्हणून ते कितपत टिकते, मराठी इतिहासलेखनाने त्याला कोणत्या भाषेत उत्तर दिले आणि ते उत्तर पुरेसे आहे काय, या चार प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

घटनाक्रम

अलिवर्दीखानाने १७४० साली गिरियाच्या लढाईत नवाब सरफराजखानाला ठार करून बंगाल, बिहार व ओरिसाची सुभेदारी बळकावली. ओरिसातील बंडाळी मोडून तो परत येत असता एप्रिल १७४२ मध्ये वर्धमानजवळ भास्कररामांच्या घोडदळाने त्याला वेढले. रसद तोडण्यात आली. नवाब मोठ्या कष्टाने काटव्यास पोचला. याच सुमारास नवाबाच्या पक्षातील मीर हबीब मराठ्यांना मिळाला. त्याला प्रदेशाची माहिती होती, कारभाराची जाण होती आणि मुर्शिदाबादेतील संपत्ती कोठे आहे हेही ठाऊक होते. मे १७४२ मध्ये मुर्शिदाबादेवर धाड पडून जगतशेठांची पेढी लुटली गेली. पुढे हुगळी घेण्यात आली आणि भागीरथीच्या पश्चिमेकडील मोठा प्रदेश काही महिने मराठी फौजेच्या हाती राहिला. त्या वर्षीच्या शारदीय नवरात्रात भास्कररामांनी काटव्याच्या परिसरात दुर्गापूजा आरंभिली असताना नवाबाने रात्री नदी उतरून अचानक हल्ला केला आणि फौजेला माघार घ्यावी लागली.

१७४३ साली स्वतः रघूजी भोसले बंगालमध्ये उतरले. त्यांच्याविरुद्ध नवाबाच्या मदतीला गेले ते पेशवे बाळाजी बाजीराव. एकाच छत्रपतींचे दोन सेवक परक्या सुभ्यात समोरासमोर आल्यावर शाहू महाराजांनी मध्यस्थी केली आणि बंगाल, बिहार व ओरिसा हे रघूजींचे कार्यक्षेत्र ठरवून दिले. १७४४ च्या आरंभी भास्करराम पुन्हा बंगालमध्ये आले. तहाच्या वाटाघाटींसाठी त्यांना मानकरा येथे नवाबाच्या डेऱ्यात बोलावण्यात आले आणि मार्चअखेरीस वीसहून अधिक सरदारांसह तेथेच ठार मारण्यात आले. संघर्ष मात्र चालूच राहिला. अखेर १७५१ च्या तहाने नवाबाने दरसाल बारा लक्ष रुपये चौथाई देण्याचे मान्य केले आणि ओरिसाचा वसूल भोसल्यांकडे गेला.

गंगारामाचे काव्य बंगाली सन ११५८, म्हणजे इ. स. १७५१ या वर्षाचे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ते बंगीय साहित्य परिषदेच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाले. पुढे एडवर्ड डिमॉक व प्रतुलचंद्र गुप्त यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद व चिकित्सक आवृत्ती १९६५ साली प्रसिद्ध केली. उपलब्ध भाग ‘भास्कर पराभव’ या नावाचा पहिला कांड आहे.

काव्याची रचना : दैवी आज्ञेपासून दैवी कोपापर्यंत

‘महाराष्ट्र पुराण’ या शीर्षकामुळे मराठी वाचकाच्या मनात काही अपेक्षा निर्माण होते आणि काव्याचा आरंभ ती काही अंशी पुरीही करतो. पृथ्वीला पापाचा भार असह्य होतो. ती ब्रह्मदेवाकडे आणि त्याच्यासह शिवाकडे गाऱ्हाणे नेते. शिव नंदीला दक्षिणेतील शाहू राजाकडे धाडतो. शाहूच्या ठायी प्रेरणा उत्पन्न होऊन पाप्यांच्या शासनासाठी फौज निघते. म्हणजे काव्याच्या आरंभी मराठे हे ईश्वरी दंडाचे साधन आहेत. दोष बंगालच्या प्रजेचा आणि सत्ताधीशांचा आहे. पुराणाच्या चौकटीत भूभारहरणाची ही रूढ कल्पना आहे.

परंतु कथा वर्धमानच्या वेढ्यानंतर गावोगावी शिरते तेव्हा ही चौकट आतून तडकू लागते. पळणाऱ्या लोकांचे जे वर्णन गंगारामाने केले आहे ते या काव्याचे मर्मस्थान म्हणावे लागेल. लोक गर्दी म्हणून पळत नाहीत. प्रत्येक जण आपल्या व्यवसायाचे साधन घेऊन निघतो. पंडितांच्या पाठीवर पोथ्यांचा भार आहे, सोनारांजवळ तराजू आहे, कासारांजवळ तांब्यापितळेची भांडी आहेत. कधी उंबऱ्याबाहेर पायी न चाललेल्या स्त्रिया डोक्यावर गाठोडे घेऊन वाट धरतात. गर्भवतींना वाटेतच प्रसूतिवेदना सुरू होतात. शस्त्र बाळगणारे शस्त्र टाकून पळतात. शेख, सय्यद, मोगल, पठाण हेही त्याच वाटेवर आहेत. मराठीत ज्याला अठरापगड जाती आणि बारा बलुती म्हणतात, तो अवघा गावगाडाच येथे रस्त्यावर आलेला दिसतो. एका समाजाची वीण उसवणे म्हणजे काय, हे सांगण्यासाठी कवीला विशेषणांची गरज भासलेली नाही. हातातील वस्तूंची नोंद त्याने पुरेशी मानली आहे.

त्यानंतर अत्याचारांचे वर्णन येते. हात, नाक, कान कापणे. स्त्रियांना बांधून नेणे व त्यांच्यावर बलात्कार करणे. घरे व देवालये जाळणे. रुपये द्या असा घोष करीत नाकात पाणी भरणे, तळ्यात बुडविणे. वर्धमान, मेदिनीपूर, चंद्रकोणा अशी गावांची नामावळी त्यासोबत येते. पुराणात तीर्थक्षेत्रांची यादी यावी तशी ही जळालेल्या गावांची यादी आहे.

काव्याचा निर्णायक वळणबिंदू यापुढे आहे. ब्राह्मण, वैष्णव, संन्यासी, स्त्रिया आणि गायी यांची हत्या झालेली पाहून देवी भगवती कोपते. आतापर्यंत दंडाचे साधन असलेले मराठे आता स्वतःच दंडास पात्र ठरतात आणि देवी नवाबाचा पक्ष घेते. ज्या भास्कर पंडिताने तिची पूजा मांडली, त्याची पूजा ती स्वीकारीत नाही. बंगालच्या हिंदू कवीने लिहिलेल्या पुराणात हिंदू राजाचा ब्राह्मण दिवाण देवीच्या कृपेला मुकतो आणि मुसलमान नवाब तिला पात्र ठरतो. धर्म येथे पक्ष पाहत नाही, कृत्य पाहतो. या स्वाऱ्यांचा अर्थ केवळ हिंदू-मुसलमान संघर्षाच्या परिभाषेत लावणाऱ्यांना हे काव्य त्यामुळेच अडचणीचे वाटते; कोणत्याच बाजूच्या सोयीची भूमिका ते घेत नाही.

साक्षीची तपासणी

एखादे काव्य, तेही पुराणाच्या साच्यातील, साक्ष म्हणून कितपत ग्राह्य धरावे, ही शंका रास्त आहे. अतिशयोक्ती हा काव्याचा धर्म आहे आणि यमकासाठी तपशील वाकविला जाणे अशक्य नाही. तथापि काव्यातच काही अशा खुणा आहेत की ज्यामुळे कवीची विश्वासार्हता वाढते. पळणाऱ्या लोकांना वाटेत विचारले जाते की, तुम्ही बर्गी प्रत्यक्ष पाहिले काय? ते उत्तर देतात की, डोळ्यांनी पाहिले नाहीत. सारे पळत आहेत म्हणून आम्हीही पळत आहोत. केवळ आरोप वाढविणे हा ज्याचा हेतू आहे तो कवी ही नोंद करणार नाही. भय आणि प्रत्यक्ष घटना यांतील अंतर गंगारामाला ठाऊक आहे आणि ते त्याने झाकलेले नाही.

दुसरी कसोटी बाह्य पुराव्याची. वर्धमानच्या राजाच्या आश्रयास असलेल्या बाणेश्वर विद्यालंकार या पंडिताने १७४४ च्या सुमारास ‘चित्रचंपू’ हे संस्कृत काव्य रचले. गर्भवती स्त्रिया, बालके, ब्राह्मण व दीनजन यांचे घातक असे मराठी सैन्याचे वर्णन त्यात येते. ‘सियर-उल-मुताखरीन’ आणि ‘रियाझ-उस-सलातीन’ हे फार्सी ग्रंथ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहेत. तेही लूट, अंगच्छेद आणि धान्याची कोठारे जाळल्याचे सांगतात. कलकत्त्याच्या इंग्रज वखारीने १७४२ नंतर शहराभोवती जो खंदक खणण्यास घेतला, तो ‘मराठा खंदक’ म्हणूनच ओळखला गेला. बंगाली आयांच्या तोंडी अंगाईगीतात बर्गी आजही येतात. बंगाली, संस्कृत, फार्सी आणि युरोपीय अशा चार परंपरांतील साधने, एकमेकांशी हितसंबंध नसताना, एकाच दिशेने बोट दाखवीत असतील तर मूळ आरोप नाकारणे कठीण आहे.

आकड्यांच्या बाबतीत मात्र सावधगिरी हवी. या स्वाऱ्यांत चार लक्ष लोक मेल्याचा जो आकडा वारंवार दिला जातो, तो तत्कालीन डच वखारीच्या अंदाजाशी जोडला जातो. त्या काळी शिरगणतीची कोणतीही व्यवस्था नव्हती; व्यापार बुडालेल्या वखारीचा अंदाज हा मोजणीचा पर्याय होऊ शकत नाही. परंतु आकडा अनिश्चित आहे म्हणून घटना अनिश्चित ठरत नाही. आकड्यातील दोष दाखवून आरोपच निकालात काढण्याची जी युक्ती अनेकदा योजली जाते, ती तर्कदृष्ट्या सदोष आहे.

येथे एका मराठी ग्रंथाची तुलना उद्बोधक ठरेल. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे यांनी ‘माझा प्रवास’ या ग्रंथात एप्रिल १८५८ मध्ये सर ह्यू रोझ याच्या फौजेने झाशी घेतल्यानंतर केलेल्या कत्तलीचे व लुटीचे वर्णन केले आहे. हा वृत्तांत घटनेनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी लिहिला गेला आणि चिंतामण विनायक वैद्य यांनी तो १९०७ साली प्रसिद्ध केला. लेखक एक भिक्षुक आहे, सैनिक अथवा अधिकारी नाही; त्याच्या काही तपशिलांत स्मृतीचे दोष आहेत. तरीही मराठी वाचकाने झाशीतील बिजनाची त्याची साक्ष मनोमन स्वीकारली आहे, आणि ते योग्यच आहे. मग घटनेनंतर सात ते नऊ वर्षांतच लिहिलेल्या गंगारामाच्या साक्षीला वेगळा न्याय लावण्याचे कारण काय? विष्णुभटांना जो निकष लावला तोच गंगारामाला लावणे ही समीक्षेची किमान प्रामाणिकता होय.

मराठी इतिहासलेखनाची भाषा

मराठी इतिहासलेखनाने या प्रकरणाची दखल घेतलीच नाही असे नाही. रियासतकार गो. स. सरदेसाई, नागपूर प्रांताचे इतिहासकार या. मा. काळे आदींनी बंगालच्या स्वाऱ्यांचा विस्तृत परामर्श घेतला आहे. जदुनाथ सरकार यांनी ‘फॉल ऑफ द मुघल एंपायर’च्या पहिल्या खंडात (१९३२) गंगारामाचा आधार घेऊन अत्याचारांचे जे चित्र रेखाटले, तेही मराठी अभ्यासकांना अपरिचित नाही. प्रश्न माहितीचा नाही, भाषेचा आहे.

मराठी लेखनात या घटनांसाठी येणारे शब्द पाहावेत : मोहीम, स्वारी, मुलूखगिरी, खंडणी, चौथाईचा हक्क, मुलूख मारणे. हे सारे शब्द सत्तेच्या बाजूने पाहतात. मुलूख मारला म्हणजे तेथील कुंभाराचे, कासाराचे काय झाले, हे त्या शब्दात दिसत नाही. याउलट मानकऱ्याच्या प्रसंगासाठी दगा, विश्वासघात, कपट हे नैतिक निवाड्याचे शब्द मुक्तपणे येतात. ते अनाठायी नाहीत. वाटाघाटीस बोलावलेल्या प्रतिनिधीला ठार मारणे हे कोणत्याही काळच्या युद्धनीतीचे उल्लंघनच होय. परंतु एकाच वृत्तांतात आपल्या वीसबावीस माणसांसाठी नीतीची भाषा आणि परक्या प्रजेसाठी हिशेबाची भाषा वापरली गेली की वाचकाची सहानुभूती नकळत एकाच बाजूला वळते. भास्करराम मराठी स्मृतीत प्रामुख्याने दग्याने मारले गेलेले वीर म्हणून राहिले. बंगाली स्मृतीत ते बर्गींचे म्होरके म्हणून राहिले. दोन्ही स्मृती एकाच माणसाच्या आहेत.

मानकऱ्याच्या हत्येने आणखी एक हानी झाली. चौकशी, जबाब, निवाडा यांपैकी काहीच घडले नाही. आरोपीला आपली बाजू मांडता आली नाही आणि पीडितांनाही कोणाकडून निर्णय मिळाला नाही. सूडाने न्यायाची जागा घेतली की आरोपीच पीडित म्हणून स्मरणात राहतो, याचे हे बोलके उदाहरण आहे. गंगारामही भास्कराचा वध हा देवीच्या कोपाची परिणती म्हणून स्वीकारतो; नवाबाच्या कपटाला तो वेगळा दोष देत नाही. ही त्याच्या नैतिक दृष्टीची मर्यादा मानावी लागेल.

‘बर्गी’ या शब्दाकडेही लक्ष वेधणे आवश्यक आहे. तो मराठी ‘बारगीर’ या शब्दाचे बंगाली रूप होय. मराठी लष्करात घोडा व हत्यार स्वतःचे असणारा तो शिलेदार आणि ज्याला घोडा व हत्यार सरकारातून मिळे तो बारगीर. बंगालच्या प्रजेने अत्याचारी स्वारासाठी जो शब्द कायम केला तो नेमका सरकारी घोड्यावरील स्वाराचा आहे. लूट करणारे सैन्याच्या मागे फिरणारे बेशिस्त पेंढारी होते, हा बचाव या स्वाऱ्यांच्या संदर्भात अनेकदा केला जातो. बंगाली भाषेने जपलेला हा एक शब्द त्या बचावाला सिद्ध उत्तर देत नसला तरी त्याच्यापुढे गंभीर प्रश्न उभा करतो.

काळाचा निकष

आजच्या कल्पना अठराव्या शतकावर लादू नयेत, हा या संदर्भातील सर्वांत प्रबळ आक्षेप आहे. युद्धगुन्हा ही संज्ञा आधुनिक आहे. नागरिकांच्या संरक्षणाचा चौथा जिनिव्हा करार १९४९ चा. त्याच्या ३३ व्या कलमाने सामुदायिक शिक्षा, दहशत आणि लूट यांना मनाई केली. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा रोम करार १९९८ चा आणि तो २००२ मध्ये अमलात आला. १७४२ च्या सेनापतीला हे निकष कसे लावावेत? सर्वच फौजा तेव्हा मुलखावर जगत होत्या, असेही सांगितले जाते.

हा आक्षेप कायद्याच्या अंगाने मान्य करता येईल. नीतीच्या अंगाने नाही. कारण हे निकष मराठी राज्याबाहेरून आणण्याची गरजच नाही. कृष्णाजी अनंत सभासद यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या बखरीत शिवाजी महाराजांच्या लष्कराचे नियम नमूद आहेत. लष्कर परमुलखात गेले असता बायकापोरे धरू नयेत, गाय धरू नये, ब्राह्मणास उपद्रव देऊ नये, असा त्यांचा आशय आहे. गंगारामाच्या आरोपपत्रातील स्त्रिया, गायी आणि ब्राह्मण ही नावे या मनाईच्या यादीशी तंतोतंत जुळतात. बंगालच्या कवीने नकळत मराठी राज्याच्याच लष्करी संहितेचा भंग सिद्ध करावयास घेतला, असे म्हणता येईल. खाफीखानासारख्या विरोधी इतिहासकारानेही महाराजांच्या फौजेतील स्त्रीविषयक नियमांची नोंद घेतली आहे. तेव्हा ही संहिता केवळ कागदावरची नव्हती.

रत्नागिरी जिल्ह्यातील वाचकांना याहून जवळचा दाखला देता येईल. चिपळूणनजीकच्या हलवर्ण येथे छावणीस असलेल्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांना उद्देशून महाराजांनी १६७० च्या दशकात लिहिलेले पत्र सुपरिचित आहे. पावसाळ्यात दाणा-वैरण काटकसरीने वापरावी, अन्यथा ती संपल्यावर तुम्ही कुणब्यांच्या घरचे दाणे, गवत, भाजी ओढून आणाल, मग लोक मुलूख सोडून जातील आणि मोगलांपेक्षा तुम्हीच अधिक वाईट असे त्यांना वाटेल, असा इशारा त्यात आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी लागणारे आंबा-फणसाचे झाडही रयतेकडून जबरीने तोडू नये, असे बजावले आहे. हे दोन्ही दाखले स्वराज्यातील रयतेविषयी आहेत आणि परमुलखाला ते लागू नव्हते, असे कोणी म्हणेल. परंतु १७४३ च्या मध्यस्थीने बंगाल हे छत्रपतींनी आपल्या सरदारास नेमून दिलेले क्षेत्र ठरले होते. ज्या प्रदेशावर हक्क सांगितला जातो तेथील प्रजेप्रती कर्तव्य नाही, असे म्हणणे मराठी राजनीतीच्या स्वतःच्याच तत्त्वाशी विसंगत आहे. हक्क चौथाईचा, तर जबाबदारीही त्या प्रमाणात आलीच.

जबाबदारी कोणाची?

अत्याचार झाले हे मान्य केल्यानंतर त्यांचे दायित्व भास्कररामांवर व्यक्तिशः किती येते, हा पुढचा प्रश्न आहे. या बाबतीत गंगारामाचे काव्य आश्चर्यकारक सूक्ष्मता दाखविते. १७४२ च्या स्वारीतील अत्याचार तो बर्गींच्या नावावर मांडतो. मानकऱ्यापूर्वीच्या शेवटच्या आगमनाच्या वेळी मात्र भास्कर आपल्या सरदारांना बोलावून, दिसेल त्या स्त्री-पुरुषास तलवारीने कापावे, अशी आज्ञा देतो असे तो सांगतो. पहिल्या टप्प्यात सेनापतीने रोखले नाही हा दोष आहे, दुसऱ्या टप्प्यात त्याने आज्ञा दिली हा दोष आहे.

आधुनिक कायद्याने हाच भेद केला आहे. जपानी सेनानी यामाशिता याच्यावर १९४५ साली मनिला येथे जो खटला चालला त्यात त्याने आज्ञा दिल्याचे नव्हे, तर हाताखालील सैन्याला आवरण्यात तो अपयशी ठरल्याचे दूषण प्रधान होते, आणि १९४६ मध्ये त्याला फाशी देण्यात आली. दुसरीकडे टोकियो खटल्यात न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी सर्व आरोपींना निर्दोष ठरविणारा भिन्न निवाडा दिला. परंतु जपानी फौजांनी अत्याचार केल्याचा पुरावा जबरदस्त आहे, हे त्यांनी नाकारले नाही. खटल्याची वैधता आणि घटनेची सत्यता हे दोन वेगळे प्रश्न आहेत. भास्कररामांना आज दोषी ठरविणारे कोणतेही न्यायपीठ नाही. पण त्यामुळे घटनेचा शोध थांबत नाही. गंगारामाने सांगितलेल्या आज्ञेची बाब एकट्या काव्यावर उभी आहे, म्हणून ती आरोप म्हणूनच वाचावी. सैन्याला न आवरल्याचा दोष मात्र अनेक साधनांच्या आधारावर उभा आहे.

दायित्वाची साखळी भास्कररामांपाशी संपत नाही. चौथाई ही व्यवस्थाच लुटीच्या भयावर आधारलेली होती. उपद्रव न देण्याबद्दल द्यावयाचा तो मोबदला होता. उपद्रवाची क्षमता सिद्ध केल्याखेरीज तिची वसुली होत नसे. तळापासून दूर गेलेली फौज मुलखातूनच दाणा, वैरण आणि पगार काढी. रघूजी भोसल्यांची महत्त्वाकांक्षा, पेशव्यांशी असलेली स्पर्धा, सातारच्या गादीचे दुबळे नियंत्रण, मीर हबीबाचे स्वार्थ आणि नवाबाचे हट्ट या साऱ्यांचा त्यात वाटा होता. तथापि व्यवस्थेचा वाटा दाखविणे म्हणजे व्यक्तीला मुक्त करणे नव्हे. तसे केल्यास कोणत्याच काळातील कोणताही अधिकारी कधीच जबाबदार ठरणार नाही.

आरोपाचा वापर

मराठी इतिहासकारांच्या संकोचाला एक समजण्याजोगे कारण होते. ब्रिटिश लेखकांनी बर्गींच्या कथेचा उपयोग कंपनी सरकारच्या समर्थनासाठी केला : अराजकातून इंग्रजांनी बंगालची सुटका केली, असे चित्र रंगविले गेले. १७६५ साली कंपनीने दिवाणी घेतली आणि १७७० च्या भीषण दुष्काळातही वसुली नेटाने चालू ठेवली, हे त्या चित्रातून वगळले जाई. अशा परिस्थितीत आरोप मान्य करणे म्हणजे परकीय सत्तेच्या हाती कोलीत देणे, असे राष्ट्रवादी पिढीला वाटणे स्वाभाविक होते. वंगभंगाच्या आसपास मूळच्या कोकणी घराण्यातील, पण बंगाली भाषेत लिहिणारे सखाराम गणेश देउस्कर यांनी कलकत्त्यात शिवाजी उत्सवाचा पुरस्कार केला आणि रवींद्रनाथांनी १९०४ साली ‘शिवाजी उत्सव’ ही कविता लिहिली. बर्गींच्या स्मृतीवर शिवस्मृतीने मात करावी, असा तो प्रयत्न होता. त्या काळी त्याची गरज होती. परंतु स्वातंत्र्यानंतर सात दशकांहून अधिक काळ लोटल्यावर तोच संकोच कायम ठेवण्याचे प्रयोजन उरत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) ‘महाराष्ट्र पुराण’ हे केवळ निंदाकाव्य नाही. मराठ्यांना प्रथम ईश्वरी दंडाचे साधन मानून नंतर कृत्यांच्या आधारे त्यांना दोषी ठरविणारी त्याची रचना नैतिकदृष्ट्या सुसंगत आहे.

२) त्यातील मूळ आरोपांना संस्कृत, फार्सी व युरोपीय साधनांचा स्वतंत्र दुजोरा मिळतो. मृतांचा आकडा व प्रत्यक्ष आज्ञेचा तपशील या दोन बाबतींत मात्र राखून बोलणे आवश्यक आहे.

३) या आरोपांना लागू पडणारा निकष परका नाही. सभासदाच्या बखरीतील लष्करी नियम, हलवर्णचे पत्र आणि ‘आज्ञापत्र’ यांत तो आधीपासून विद्यमान होता. भास्कररामांच्या स्वाऱ्यांचे मूल्यमापन शिवकालीन कसोटीवर केले तरी निर्णय बदलत नाही.

४) मराठी इतिहासलेखनात मानकऱ्याच्या दग्याला मिळालेली जागा आणि बंगालच्या प्रजेच्या हालांना मिळालेली जागा यांत जे अंतर आहे, ते साधनांच्या अभावामुळे नसून दृष्टिकोनामुळे आहे.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने याचा अर्थ स्पष्ट आहे. मराठी सत्तेचा विस्तार शिकविताना ‘माझा प्रवास’ आणि ‘महाराष्ट्र पुराण’ हे दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचले जावेत. पहिल्यात मराठी माणूस पीडितांच्या बाजूने बोलतो, दुसऱ्यात पीडित मराठी फौजेविषयी बोलतात. गंगारामाच्या काव्याचा चिकित्सक प्रस्तावनेसह मूळ बंगालीवरून केलेला मराठी अनुवाद विद्यार्थ्यांच्या हाती पडणे अगत्याचे आहे. झाशीच्या गल्ल्यांतील प्रेतांविषयी वाटणारी करुणा वर्धमानच्या रस्त्यावरील कासारापर्यंत आणि कुंभारापर्यंत पोचली, तरच शिवकालीन युद्धनीतीचा वारसा सांगण्याचा मराठी समाजाला अधिकार राहील.